हवेवर तळलेल्या चान्या

सगुणाबाई माझ्या चुलत जाऊबाई. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून आम्ही आजवर विरजण, मिरच्या, कढीपत्ता आणि भांडणं, सगळंच एकमेकींना दिलं-घेतलं. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. माहेर राणीसावरगावचं, दिल्या इकडं बोरीला. बोलायला तोंडाच्या फटकळ, पण कुणाची वस्तू त्यांच्याकडं ठेवली की ती देवाजवळ ठेवल्यासारखीच.

आमच्या भावकीत त्यांची ओळख चान्यांमुळं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बकऱ्याच्या मटणाची, हाड नसलेली, हातभर लांब पट्टी कापायची. तिला मीठ, हळद, तिखट चोळायचं आणि दोरीवर उन्हात टाकायची. वरून जुन्या पातळाचं झाकण, कावळे येतात म्हणून. कडकडीत वाळली की ती कितीही दिवस टिकते. खायच्या वेळी दगडावर ठेचून तेलात तळायची. लय कुरकुरीत होते म्हणतात. म्हणतात असं लिहिते, कारण माझ्या गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ आहे. चव मला विचारू नका. वास मात्र भिंत अडवत नाही.

पौषात आमच्या भावकीची पिराला कंदुरी असते. बकरं होतं, घरोघर वाटा जातो. पण पौषात अर्धी भावकी गावात नसते, ऊसतोडीला गेलेली असते. दिवाळीनंतर टोळ्या जातात त्या चैत्रात येतात. तर जो गावात नाही त्याचाही वाटा निघतो. त्याच्या चान्या करून ठेवतात, आणि तो आला की जिनं त्या वाळवल्या तिनंच तळून त्याला खाऊ घालायच्या. ते होईपर्यंत त्या घराला कंदुरी पावली असं धरत नाहीत. जाताना प्रत्येक घरची बाई आपल्या जुन्या लुगड्याची एक चिंधी देऊन जाते. ती चिंधी त्या घरच्या दोरीला बांधायची, म्हणजे वाटे एकमेकांत जात नाहीत. सगळ्या दोऱ्या एका पत्र्याच्या डब्यात राहतात. त्याला आम्ही वाट्याचा डबा म्हणतो.

हा डबा पूर्वी वच्छलाबाईंच्या सासूकडं असायचा. वच्छलाबाई भावकीतल्याच, पलीकडच्या गल्लीत राहतात. त्या काळात सगुणाबाई आणि त्यांचे मालक आश्रुबा दोघं कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. एका साली चैत्रात माघारी आले तर डब्यात त्यांची दोरीच नाही. पाहुणे आले होते, तळून वाढली, म्हातारीनं हसत सांगितलं. आश्रुबा भावजी पुढं कितीतरी दिवस उदास होते. आपण सहा महिने गावात नसलो की आपलं नावच राहत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. पुढं सगुणाबाईंचे गुडघे गेले, कोयता सुटला, तेव्हा त्यांनी भावकीकडं एकच गोष्ट मागितली. डब्याचा जिम्मा माझ्याकडं द्या.

तेव्हापासून डबा त्यांच्याकडं. आश्रुबा भावजी गेले त्या वर्षीही चान्या वाळल्या. एकदा त्यांच्या माहेरचे लोक अचानक आले, घरात कालवणाला काही नव्हतं. त्यांनी माझ्या पलीकडच्या घरून अंडी मागून आणली, पण डब्याचं झाकण उघडलं नाही.

मागच्या दोन हिवाळ्यांपासून सगुणाबाईंची छाती धरायला लागली. खोकल्याची उबळ आली की भिंतीपलीकडं मला हातातलं काम सोडावं वाटायचं. मुलगा बालाजी त्यांना परभणीला घेऊन गेला. डॉक्टरांनी फोटो काढला, ओढायचा पंप दिला आणि सांगितलं, चुलीचा धूर बंद, तळणाचा धूर बंद. बालाजीनं घरी आल्याबरोबर अंगणातली चूल उखडली आणि तिचे दगड बांधावर नेऊन टाकले. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर चूल आजही तिथंच असती.

पौषात त्यांनी चान्या वाळत घातल्या. वाळवायला धूर लागत नाही. पण चैत्रात तळायच्या कशा, हे सगळ्यांच्या मनात होतं. घरातल्या गॅसवर तर प्रश्नच नव्हता. स्वयंपाकघरात देवघर आहे, आणि आमच्याकडं मटण घरात शिजत नाही, अंगणातच शिजतं. शिवाय गॅसवर तळलं तरी तेलाचा धूर तोच. सून राजेश्री माळकऱ्याच्या घरची, ती मटणाला हात लावत नाही. आणि लावला असता तरी चाललं नसतं, वाळवणारा हातच तळणारा लागतो.

शिमग्याच्या आधी वच्छलाबाई येऊन बसल्या. मी भिंतीशी मेथी निवडत होते.

"सगुणाबाई, आता जिवाची फिकीर करा. डबा आमच्याकडं द्या. आमच्या घरी धडधाकट सुना हायत."

"सुना हायत, तसे पाहुणेबी लय हायत तुमच्याकडं."

"ती सासूची गोष्ट झाली. माझ्यावर कशाला काढायल्यात?"

"तुमच्यावर न्हाई काढत. डब्यावर काढायले. डबा इथंच ऱ्हाईल."

"तळनार कोन? डाक्टर येनार हाय का तळायला?"

सगुणाबाई उठून डब्याचं झाकण दाबून आल्या. चार दिवसांनी भुजंगाचा फोन आला. भुजंग त्यांचा धाकटा दीर, तोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर होता. त्याच्या कानावर वच्छलाबाईंनीच घातलं असणार. फोनचा आवाज मोठा असतो, मला सगळं ऐकू आलं.

"वैनी, उगं जीव घालू नका. मी आलो की डबा वच्छलावैनीच्या घरी नेऊन देतो. हात बदलला म्हणून पिराला नारळ फोडू. तुमाला काई वझं उचलायला लागणार न्हाई."

"वझं झालंय असं म्हणले का मी?"

"म्हणत न्हाईत म्हणून तर मला म्हणावं लागायलंय."

"ये तर खरा आधी," त्या म्हणाल्या आणि फोन राजेश्रीच्या हातात दिला.

म्हणजे भुजंग येईपर्यंत काहीतरी सोय झाली तर डबा राहणार, नाहीतर जाणार. सगुणाबाईंना दुसरं काही राहिलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मुलगा आहे, सून आहे, शेत आहे. पण हा डबा म्हटलं की त्यांना घर सोडून गेलेली सगळी माणसं आठवायची. कोण कुठल्या कारखान्यावर आहे हे त्यांच्याइतकं कुणाला सांगता येत नसे.

आता त्या यंत्राचं सांगते. राजेश्रीचा भाऊ ओमप्रकाश पुण्यात कंपनीत आहे. त्यानं दिवाळीला बहिणीला एअर फ्रायर पाठवला. काळा, गुळगुळीत, ठेंगण्या रांजणासारखा. पुढून खण ओढायचा, त्यात जाळी. आत गरम हवा फिरते आणि त्या हवेवर पदार्थ कुरकुरीत होतो. राजेश्री त्यात कारल्याचे काप करायची, शेंगदाणे भाजायची, एकादशीला भगरीचे वडे करायची. मलाही द्यायची भिंतीवरून. चांगले व्हायचे.

एका एकादशीला सगुणाबाई जवळ बसून बघत होत्या. राजेश्रीनं खण ओढला, बटाट्याच्या काचऱ्या कडक झालेल्या.

"ह्याचा धूर कुठून निघतो गं?"

"निघतच न्हाई आत्या."

"तळतंय आन् धूर न्हाई?"

"तळत न्हाई. हवा फिरती."

त्यांनी वाकून खणात बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते तेव्हा पलीकडून ऐकू आलं, "राजेश्री, तुझं ते मशीन मला चान्याला दे."

राजेश्री म्हणाली, "आत्या, त्यात उपासाचं होतंय."

"ठाऊक हाय."

"माझ्या भावानं दिलेलं हाय."

"ते बी ठाऊक हाय. न्हाई म्हणायचं आसंल तर न्हाई म्हण, मी रुसत न्हाई."

"न्हाईच म्हणायले मग," राजेश्री म्हणाली.

खरोखर त्या रुसल्या नाहीत. दिवसभर शेंगा फोडत बसल्या. राजेश्रीलाच चैन पडेना म्हणून ती दुपारी भिंतीशी आली.

"काकी, तुमी माळकरी. तुमीच सांगा, देवाला चालंल का?"

मी म्हणाले, "बाई, मी माळ घातली, देवाचा हुकूम काढायला बसले नाही. देवाला काय चालतं ते मला कळत नाही. मला एवढंच कळतं, की त्यात एकदा मटण शिजलं की मी त्यातला भगरीचा वडा खाणार नाही. आणि तूही खाणार नाहीस."

"म्हंजे द्यायचं तर सगळंच द्यावं लागतं."

"हो. उसनं देता येण्यासारखं नाही हे."

ती मग आत गेली. थोड्या वेळानं यंत्र दोन्ही हातांत धरून बाहेर आली आणि सासूच्या पुढ्यात, शेंगांच्या फोलपटांशेजारी ठेवलं.

"घ्या. आजपासून हे तुमचं. माघारी स्वयंपाकघरात येणार न्हाई."

"आन् तुझे कारल्याचे काप?"

"तव्यावर करीन."

"पुढं बोलून दाखवशील."

"दाखवीन की. सून हाय, बोलायचीच."

सगुणाबाई हसल्या आणि हसता हसता खोकल्या.

यंत्र अंगणातच ठेवायचं ठरलं, जिथं चूल होती तिथं. भिंतीवरचा काळा डाग अजून होता. खाली पाट, पाटावर यंत्र, आणि खिडकीतून वायरीचा बोर्ड बाहेर. बटणं राजेश्रीनं लांबून सांगायची, दाबायची सगुणाबाईंनी. चान्या त्यांच्या स्वतःच्या घरच्या दोरीवरच्या. बाकी दोऱ्यांना हात लावायचा नाही, हे सांगायचीही गरज नव्हती.

पहिला प्रयत्न दुपारी केला आणि तिथंच चुकलं. दुपारी शिवारात सगळ्यांच्या विहिरींवरच्या मोटारी चालू, विजेला जोर नसतो. घरातला पंखाही मरगळल्यासारखा फिरतो. यंत्र घुंई घुंई करत राहिलं. खण ओढला तर चान्या कोमट, वातड. तेवढ्यात वच्छलाबाई आल्याच. एक उचलून वाकवून बघितली.

"चपलेचा अंगठा तुटला तर बरं पडंल हे."

"तुमची तुटली की सांगा, देते," सगुणाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला पहाटे लवकर, मोटारी सुरू व्हायच्या आधी. या वेळी लाइट जोरात होती. सगुणाबाईंनी मुद्दाम कडेला चरबी असलेल्या पट्ट्या घेतल्या, म्हणजे तेलाची गरज नाही. एकावर एक भरपूर रचल्या, जशा कढईत सोडायच्या तशा. थोड्या वेळात चरबी पाघळून खाली खणात पडली आणि जळायला लागली. यंत्राच्या पाठीमागून पांढरा धूर आला. ज्या धुरासाठी एवढा खटाटोप, तोच धूर. सगुणाबाईंना अशी उबळ आली की त्या भिंतीला टेकल्या. राजेश्रीनं वायर उपटली आणि पंप आणायला आत धावली. बालाजी उठून आला.

"बास आता. डबा जाऊ दे त्यांच्याकडं. तुझ्याहून मोठा हाय का डबा?"

सगुणाबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसता हात हलवला. त्या हाताचा अर्थ नाही असा होता, हे मला भिंतीपलीकडूनही कळलं.

त्या दिवशी राजेश्रीनं आपणहून भावाला फोन लावला. मटणाचं नाव घ्यायला तिला संकोच वाटत होता, म्हणून फिरवून फिरवून विचारलं. ओमप्रकाश हसला. त्याच्या खोलीवर एक केरळचा मुलगा राहतो, तो असल्याच यंत्रात बेकन करतो म्हणाला. बेकन म्हणजे डुकराच्या चरबीदार मांसाच्या पट्ट्या, परदेशातले लोक सकाळी न्याहारीला खातात. त्याची रीत त्यानं सांगितली. जाळीच्या खाली, खणात, थोडं पाणी घालायचं. चरबी पाण्यात पडते, जळत नाही, धूर होत नाही. पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या नाहीत, शेजारी शेजारी मांडायच्या. आणि मध्ये एकदा उलटायच्या.

राजेश्रीनं सासूला सगळं सांगितलं. सगुणाबाईंनी नीट ऐकून घेतलं.

"डुकराचं? ते बी वाळवून ठेवत्यात?"

"मिठात मुरवत्यात म्हणं. लय दिवस टिकतं."

"म्हंजे त्यांची बी माणसं बाहेरगावी जात आसतील," सगुणाबाई म्हणाल्या.

मला हसू आलं, पण त्या थट्टा करत नव्हत्या.

मग त्यांनी स्वतःची अक्कल लावली. चान्या आधी कोमट पाण्यात जराशा मऊ केल्या, पुसल्या, दगडावर ठेचल्या, तेलाचं बोट फिरवलं. पापड खाटेवर मांडतात तशा जाळीवर एकेक मांडल्या, कुणाची कड कुणाला लागू दिली नाही. खाली वाटीभर पाणी. वेळ भल्या सकाळची. अर्ध्यात उलटल्या. धूर आला नाही. खण ओढला तेव्हा चरबीच्या कडा सोनेरी होऊन वळल्या होत्या, आणि ताटलीत टाकल्यावर खडखड वाजल्या. बालाजीला भाकरीबरोबर वाढल्या. तो खात राहिला आणि आई तोंडाकडं बघत राहिली.

"कशी हाय?"

"चांगली हाय."

"तेलातल्यावानी?"

"खरं सांगू का? तेलातली याच्याहून बरी असती."

"मग?"

"पण ही बी कडक हाय. आन् तू खोकली न्हाईस."

चैत्राच्या पहिल्या आठवड्यात टोळी आली. ट्रकमधून बाजा, भांडी, कोंबड्या, शेळ्या, सगळं उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भुजंग आणि त्याची बायको राणी, दोघं अंघोळी करून, कपाळाला बुक्का लावून सगुणाबाईंच्या अंगणात आले. वच्छलाबाईही आल्या. त्या मागं कशा राहतील? डबा घेऊन जायचा होता ना. भुजंग बाजेवर बसला आणि काळ्याभोर यंत्राकडं बघत राहिला. उन्हानं तोही तसाच काळा झाला होता.

"हे काय मांडलंय वैनी? कुकर हाय का?"

"तुझ्या पुतण्याच्या मेव्हण्याचं डोकं हाय," सगुणाबाई म्हणाल्या. "बस गप. राणी, तुझी चिंधी वळख."

डबा उघडला. राणीनं हिरव्या काठाची चिंधी लगेच ओळखली. गाठ तिच्या हातची तशीच होती. दोरी अखंड होती, एक पट्टीही कमी नाही. राणीनं ती हातात धरली आणि म्हणाली, "कारखान्यावर मी रोज म्हणायची, आपलं तिथं टांगलेलं आसंल."

सगुणाबाईंनी सगळं ठरल्यासारखं केलं. भिजवलं, ठेचलं, मांडलं, पाणी घातलं, उलटलं. यंत्र घुमत होतं आणि त्या त्याच्या शेजारी पाटावर बसल्या होत्या. खोकला नाही. ताटल्या भरल्या, भाकरी वाढली, ठेचा वाढला. राणीनं तुकडा उचलला तेवढ्यात भुजंगानं तिचा हात धरला.

"वैनी, विस्तवाचा घास कुठंय?"

सगळे थांबले. आमच्याकडं कंदुरीच्या वाट्यातला पहिला तुकडा चुलीत टाकतात. आधी विस्तव खातो, मग माणसं. चुलीपुढं बसलं की हात आपोआप जातो, कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. सगुणाबाईंनी एवढ्या साऱ्या गोष्टींचा विचार केला होता, पण चूलच नव्हती तर हात कुठं जाणार? त्यांचा चेहरा उतरला.

"दिवा लावून आणू का?" राजेश्री म्हणाली.

"दिव्याला ह्यो निवद दावत्यात का सुनबाई?" भुजंग म्हणाला. रागावून नव्हे, पण हटून.

"कापूर?"

"कापूर देवाचा."

वच्छलाबाई उठल्या. "म्हणून म्हणत होते मी. आमच्या अंगणात चूल पेटलेलीच हाय. उचला ताटल्या. भुजंगा, डबा बी घे संगं."

भुजंगानं खरोखर डब्याला हात घातला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पिराचा वाटा बाटू नये आणि वहिनीची छातीही राहावी, एवढंच त्याला हवं होतं. मी भिंतीपलीकडं पांडुरंगाचं नाव घेतलं. मटणाच्या घासासाठी घेतलं, हे खरं आहे.

"थांब," सगुणाबाई म्हणाल्या. "राजेश्री, ह्याच्या आत विस्तव कुठं आसतो गं?"

"विस्तव न्हाई आत्या. वर छताला तार आसती. ती लालबुंद होती, मग पंखा हवा खाली ढकलतो."

"लाल होती ना? मग तोच त्याचा विस्तव."

त्यांनी दोरीवर राहिलेली एक न भिजवलेली चानी घेतली, अगदी पातळ, पानासारखी. तिचा बोटभर तुकडा मोडला. रिकाम्या जाळीवर तो एकटा ठेवला, खण लोटला, बटण दाबलं आणि हात जोडले.

भुजंग म्हणाला, "वैनी, तुमचं मन मला कळतंय. पण ही भाजून परत आपल्याच ताटात येणार. घास म्हंजे परत येत न्हाई."

तो बरोबर बोलत होता. यंत्रात काहीतरी तट् करून वाजलं. मग जळका वास आला. राजेश्रीनं घाईनं बटण बंद केलं आणि सगुणाबाईंना मागं ओढलं. सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावून लांबूनच खण ओढला.

जाळी रिकामी होती.

भुजंग बाजेवरून उठला. जाळी उचलून खाली बघितलं, खणात बघितलं, पाटाखालीही बघितलं. तुकडा नव्हता. वच्छलाबाई जागच्या जागी मान लांब करून बघत होत्या. राजेश्रीनं मोबाइलचा उजेड यंत्राच्या पोटात वर पाडला.

"तो बघा," ती म्हणाली. "हलका व्हता, हवेनं वर उडाला. तारंला चिकटलाय."

भुजंगानं गुडघे टेकून, मान वाकडी करून आत बघितलं. वर तारेला कोळशासारखी काळी चिमूट लागली होती, तिच्यातून धुराची रेघ निघत होती. तो बराच वेळ तसाच बघत राहिला. राणीचा हात अजून ताटलीवरच अडकलेला.

"बाहेर काढू का?" राजेश्रीनं विचारलं.

"काढू नको," भुजंग म्हणाला. उठला, गुडघे झटकले. "आमी तर चुलीत निस्ता टाकतो. ह्यानं आपुनहून वर वढून घेतला."

"मग झालं का?" सगुणाबाईंनी विचारलं. आवाज साधाच होता, पण पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलेलं मला दिसत होतं.

भुजंगानं बाजेवर बसून चानी उचलली, तिचा तुकडा मोडला. कट् असा आवाज झाला. भाकरीबरोबर खाल्ला. मग राणीनं खाल्ला. मग दुसरा.

"तेलाची सर न्हाई," भुजंग म्हणाला.

"तेल हवं तर तुझ्या घरी खा," सगुणाबाई म्हणाल्या.

"म्हणलं का मी नको म्हणून? वाढा अजून."

वच्छलाबाईंना सगुणाबाईंनी बसा म्हटलं, पण ताटली दिली नाही. वाटा दुसऱ्याचा होता. राजेश्रीनं त्यांना चहा करून दिला. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, आमचा थोरला अजून कारखान्यावरच आहे, पंधरवड्यानं येईल, त्याच्या वेळी हे असंच होईल का. सगुणाबाई म्हणाल्या, त्याची दोरी आहे डब्यात, आला की धाडून द्या, सकाळी लवकर, मोटारी सुरू व्हायच्या आधी.

"आन् तुकडा न्हाई उडाला तर?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"पातळ बघून ठेवीन."

"म्हंजे तुमी उडवनार."

"चुलीत तरी कोन टाकतं? आपणच ना?"

यावर वच्छलाबाईंनी कप खाली ठेवला. मीही त्यावर विचार केला. उत्तर मला अजून सापडलेलं नाही, पण अडलंही नाही.

जेवण झाल्यावर भुजंगानं हात धुतले. राणीनं आपली चिंधी सोडून कमरेला खोवली आणि मग परत काढून सगुणाबाईंच्या हातात दिली. पुढच्या सालासाठी, आता पुन्हा कशाला फाडू, म्हणाली. भुजंगानं डब्यातल्या बाकीच्या दोऱ्या एकेक करून नीट घातल्या, झाकण लावलं, खांद्यावरच्या टावेलानं डबा पुसला आणि उचलून उभा राहिला. वच्छलाबाईंकडं त्यानं बघितलं नाही.

"वैनी," तो म्हणाला, "कुठं ठेवू?"

सगुणाबाई यंत्राची वायर गुंडाळत होत्या, ती गुंडाळून संपवली.

"माळ्यावर नको, मुंग्या लागत्यात. पडवीत खुंटीवर अडकव. आन् झाकण नीट दाब, मांजर लय हिंडायलंय."

भुजंगानं झाकण दाबलं आणि डबा पडवीत नेला.